आईच्या घरातला मीटरवरचा लाल दिवा

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. घरातले दिवे बंद, पंखे बंद, कूलर बंद, फ्रीजचा प्लग काढलेला, आणि मी पोर्चमध्ये मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मीटरसमोर उभी. आतून आईचा आवाज, "काऊन वं, सारे पंखे काऊन बंद केले? जीव जाऊन राह्यला गरमीनं." म्हटलं आई, पाचच मिनिटं थांब. अकोल्यातली मे महिन्यातली रात्र ज्यांनी काढलीय त्यांना वेगळं सांगायला नको, आणि २०२४ च्या त्या मे मध्ये तर पारा ४५ च्या वर गेला होता, उन्हापायी जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लावलं होतं. अशा रात्री आईला बिनपंख्याचं बसवलं याचं मला फार वाईट वाटत होतं, पण समोर मीटरवरचा तो छोटा लाल दिवा काही थांबत नव्हता. सगळं बंद आहे तरी लुकलुकतोय. दर अठरा सेकंदांनी एकदा.

हे सगळं सुरू झालं ते लाईट बिलावरून. त्या महिन्याचं बिल ४१२ युनिटचं आलं. घरात राहणारं माणूस एक, आई. मी पुण्यात, भाऊ बाहेर, बाबा जाऊन पाच वर्षं झाली. एसी नाही, गीझर उन्हाळ्यात लागतच नाही, मग ४१२ युनिट जातात कुठे? आणि त्याच सुमारास सोलरवाल्यांचे फोन सुरू झालेले. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली, एक कोटी घरांच्या छतावर सोलर बसवायचं म्हणून ७५ हजार कोटींच्या वर तरतूद झाली, आणि मग गल्लोगल्ली एजन्सीवाले फिरायला लागले. एक जण आईकडे येऊन बिल बघून गेला आणि म्हणाला तुम्हाला ३ किलोवॉट लागेल, सबसिडी ७८ हजार मिळेल, आजच बुक करा. आईने मला फोन केला, करू का गं? मी म्हटलं थांब, मी येते.

मी काही इंजिनिअर नाही, कॉमर्सवाली आहे, पण हिशोब बघायची सवय आहे. कुठलाही खर्च कमी करायचा तर आधी पैसा कुठे जातो ते लिहून काढायचं, हे बाबांनी शिकवलेलं. विजेचंही तेच. याला एनर्जी ऑडिट म्हणतात, कारखान्यांमध्ये रीतसर होतं, २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातून बीईई म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो उभा राहिला आणि ते परीक्षा घेऊन ऑडिटर प्रमाणित करतात. पण असे ऑडिटर मोठ्या कंपन्यांची कामं करतात, अकोल्यातल्या एका दोन बेडरूमच्या घरासाठी कोण येणार. माझी मावसबहीण बॉस्टनजवळ राहते, तिच्याकडे मॅस सेव्ह म्हणून कार्यक्रम आहे, फोन केला की माणूस घरी येतो, फुकटात सगळं घर तपासतो, दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढतो आणि फटी कुठे आहेत ते दाखवतो, मग भिंतीत आणि माळ्यावर इन्सुलेशन भरायचा बराचसा खर्च त्या कार्यक्रमातून मिळतो. शिवाय त्यांच्या केंद्र सरकारची आयकरात सूट होती, खर्चाच्या ३० टक्के, ती २०२५ च्या ३१ डिसेंबरला बंद झाली, त्यामुळे तिने खिडक्यांचं काम घाईघाईत डिसेंबरात उरकून घेतलं. तिकडे आतली ऊब बाहेर जाते ही काळजी, आपल्याकडे बाहेरची आग आत येते ही. पण तिने मला फोनवर एक गोष्ट सांगितली ती डोक्यात बसली, की तिच्याकडे आधी तपासणी होते आणि मगच पैसे मिळतात. आपल्याकडे तपासणी आपणच करायची.

तर तो लाल दिवा. तुमच्या मीटरवर बारीक अक्षरात एक आकडा छापलेला असतो, आमच्या मीटरवर ३२०० इम्प प्रति केडब्ल्यूएच असं आहे. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडलं. दोन लुकलुकींच्या मध्ये किती सेकंद गेले ते मोजायचं आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचं, जे येईल तेवढे वॉट त्या क्षणाला घर खातंय. मीटरवर १६०० असेल तर ११२५ च्या जागी २२५० घ्यायचे. एवढंच. बाजारात प्लगमध्ये बसवायचे छोटे मीटर मिळतात तेही मी एक घेतलं, फ्रीज टीव्हीसाठी ते बरं पडतं, पण हा दिवा फुकट आहे आणि सगळ्यांच्या घरात आहे.

अठरा सेकंद म्हणजे साडेबासष्ट वॉट. सगळं बंद असताना! मी एकेक करत शोधत गेले. टीव्हीचा डबा म्हणजे सेट टॉप बॉक्स आणि वायफायचा राउटर, दोन्हींचे प्लग काढले, थोडा फरक पडला. मग जिन्याखाली इन्व्हर्टर होता त्याचा प्लग काढला, डबा राउटर परत लावले, आणि मीटरसमोर येऊन उभी राहिले. लुकलुक. मग काहीच नाही. काहीच नाही. मला वाटलं मीटरच बंद पडलं. पंचाहत्तर सेकंदांनी पुढची लुकलुक. पंधरा वॉट. म्हणजे उरलेले सत्तेचाळीस वॉट एकटा इन्व्हर्टर खात होता, चोवीस तास, बारा महिने. त्याची बॅटरी बाबांनी घेतलेली, आठ वर्षं जुनी, ती चार्ज धरतच नव्हती आणि इन्व्हर्टर बिचारा तिला भरतच राहत होता, हात लावला तर कडा गरम लागायच्या. लाईट गेली की ती बॅटरी वीस मिनिटंही चालायची नाही आणि नुसतं बसून महिन्याला ३४ युनिट खायची. वर्षाचे झाले ४०० च्या वर. आई म्हणाली त्यात पाणी टाकायला माणूस यायचा तो बाबा गेल्यापासून आलाच नाही. मला त्या जिन्याखाली उभं राहून एकदम भरून आलं, घरातलं असं किती काय काय बाबा न बोलता सांभाळत होते.

दुसऱ्या दिवशी फ्रीज. प्लगच्या मीटरवर चोवीस तास ठेवला, २.३ युनिट. महिन्याचे ७०. दाराच्या रबरात दहाची नोट ठेवून दार लावलं आणि नोट ओढली तर अलगद निघून आली, रबर पार कडक झालेलं. पंखे चार, सगळे जुने, ७५ वॉटचे, आणि अकोल्यात उन्हाळ्यात पंखा बंद असा होतच नाही, सरासरी पंधरा तास धरले तरी चार पंख्यांचे महिन्याला १३५ युनिट. हे बघून मी चाट पडले, कारण पंखा म्हणजे गरिबाचं साधन, त्याला काय वीज लागते असं आपण धरून चालतो. दोन पत्र्याचे कूलर, त्यांचे मिळून १००. बोअरची मोटर १८. दोन जुन्या चोकच्या ट्यूबलाईट आणि बाकी दिवे २०, मिक्सर इस्त्री वॉशिंग मशीन टीव्ही सगळं मिळून २०. डबा आणि राउटर ११. सगळी बेरीज केली तर ४०८ आली. बिल ४१२ चं. चार युनिटचा फरक! मी ती वही आईला दाखवली तर ती चष्मा लावून दहा मिनिटं बघत बसली, मग म्हणाली, "म्हणजे मी एकटी राहते आन् हा डबडा फ्रीज माझ्यापेक्षा जास्त खाते."

दिव्यांचं मात्र बरं होतं, कारण बाबांनी २०१५ च्या सुमारास उजाला योजनेतले एलईडी बल्ब आणले होते, तेव्हा बिल दाखवून बल्ब मिळायचे आठवतं का, लोक रांगा लावून घ्यायचे. देशभरात ३६ कोटींच्या वर बल्ब वाटले गेले त्यातून आणि एलईडीची किंमत धाडकन खाली आली. माझ्या मते विजेच्या बचतीची इतकी साधी आणि इतकी सगळ्यांपर्यंत पोचलेली योजना दुसरी झाली नाही. उजाला राबवणाऱ्या सरकारी कंपनीने, ईईएसएलने, २०२३ मध्ये एक कोटी बीएलडीसी, म्हणजे जुन्या पंख्यांपेक्षा निम्म्याहून कमी वीज खाणाऱ्या पंख्यांचा कार्यक्रम जाहीर केला, पण तो बल्बसारखा घराघरात बोलला गेला नाही, आमच्या गल्लीत तरी एकालाही माहीत नव्हता. मला मनापासून वाटतं की पंख्यांना तो बल्बवाला जोर मिळायला पाहिजे.

आता वहीत न आलेली एक गोष्ट, ती म्हणजे स्लॅब. आमचं घर १९९० च्या सुमाराचं, वरती पाच इंचाचा आरसीसी स्लॅब, त्याच्यावर काही नाही, दिवसभर तापतो आणि रात्रभर ती आग खाली सोडतो. पंखा लावला की वरची गरम हवा अंगावर येते. कोविडमधलं कपाळाला धरायचं थर्मामीटर मी छताला धरून बघितलं तर ते नुसतं हाय दाखवायचं, माणसाच्या तापापुरतंच बनवलेलं ते. मग हार्डवेअरच्या दुकानातून इन्फ्रारेड गन आणली. रात्री दहा वाजता बेडरूमचं छत आतून ४१ डिग्री. दुपारी दोनला गच्चीचा वरचा पृष्ठभाग ६२. आई रात्री उशी घेऊन हॉलमध्ये, मग पोर्चमध्ये, मग परत आत, अशी फिरत असायची आणि मला फोनवर सांगायची झोप येत नाही, मी आपली वयाचं कारण समजत होते.

गच्चीवर चुना मारायचं ठरवलं. पुताईवाल्या काकांना बोलावलं, त्यांनी कळीचा चुना आदल्या संध्याकाळी पिंपात टाकला, त्यात पाणी पडल्यावर जो आवाज येतो आणि वाफ येते ती मी लहानपणानंतर पहिल्यांदा बघितली. रात्रभर मुरू दिला, सकाळी गाळून घेतला, त्यात फेविकॉल घातलं म्हणजे पहिल्या वाऱ्यात उडून जाणार नाही, आणि लांब दांड्याच्या झाडूने दोन हात मारले, पहिला आडवा, दुसरा उभा. गच्ची आधी घासून धुवावी लागते, शेवाळ राहिलं तर चुना पापुद्र्यासारखा सुटतो. आणि हातमोजे, गॉगल घालाच, चुना डोळ्यात गेला तर फार वाईट. मजुरी सामान धरून ३८०० रुपये लागले ११०० स्क्वेअर फुटांना. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला गन लावली तर पृष्ठभाग ४४. तोच सूर्य, तीच वेळ, साधारण तेवढंच ऊन, आणि १८ डिग्रीचा फरक! रात्री आतून छत ३६. आई त्या रात्री तिच्या खोलीत झोपली आणि पहाटे चारला कूलर बंद करायला उठली. पावसाळ्यात चुना धुपतो, दर मार्चमध्ये परत मारावा लागतो, ज्यांना ते नको त्यांच्यासाठी कूल रूफचे पेंट आहेत किंवा फुटक्या टाइल्सचं चायना मोझेक आहे, खर्च बराच जास्त पण टिकतं.

इथे मला एक बोलायचंय. पीएम सूर्यघरमध्ये पैसे मिळतात ते पॅनलला. छत गार करायला त्यात एक रुपया नाही, जुना पंखा बदलायला नाही. तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफ धोरण आणलं, अहमदाबादने २०१३ पासून उष्णतेचा कृती आराखडा केलाय आणि पुढे त्यात वस्त्यांमधली छतं पांढरी करायचं काम जोडलं. मग ज्या विदर्भात माणसं उन्हाने मरतात तिथे घराच्या छताला चुना मारायला ३८०० रुपयातले निम्मे जरी कोणी दिले तरी किती घरांची झोप परत येईल! पॅनल बसवायला तीन लोकांच्या सह्या, इन्स्पेक्शन, सगळं आहे, आणि चुन्याला फक्त एक माणूस आणि एक झाडू लागतो. हे मी रागाने लिहीत नाहीये, मला खरंच हे कुणाच्या तरी कानावर जायला हवंय.

पंखे चारही बीएलडीसी घेतले, ३० वॉटचे, २९०० ला एक. यांना जुना रेग्युलेटर चालत नाही, तो काढून टाकायचा, रिमोटवर चालतात. आईचा रिमोट पहिल्याच आठवड्यात दोनदा हरवला, मग मी कूलरच्या ताट्या बांधायची सुतळी घेऊन तो पलंगाच्या दांडीला बांधून टाकला, तो अजून तसाच आहे. पंखे घेताना स्टार बघा, जानेवारी २०२३ पासून सीलिंग फॅनला स्टार लेबल सक्तीचं झालंय. आणि कुठलीही वस्तू घेताना नुसत्या ताऱ्यांवर जाऊ नका, लेबलवर वर्षाला किती युनिट तो आकडा लिहिलेला असतो तो वाचा, कारण ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, जुना फाइव्ह स्टार आणि आजचा फाइव्ह स्टार एक नाही. फ्रीज १७ हजारांचा घेतला, एका दाराचा, आईला पुरतो. बॅटरी १४ हजार. सगळं मिळून ४६,४०० रुपये झाले. भावाने निम्मे दिले.

पुढच्या वर्षी मे मध्ये, २०२५ च्या, बिल आलं २०८ युनिटचं.

इथे बिलाचं गणित नीट समजून घ्या कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. महावितरणचे घरगुती ग्राहकांचे चार टप्पे आहेत, १०० पर्यंत, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, मग त्याच्या वर. ३०१ च्या पुढच्या युनिटचा दर पहिल्या शंभरातल्या दराच्या दुपटीहून जास्त पडतो, वर वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे आपण युनिट वाचवतो तेव्हा ते वरून वाचतं, सगळ्यात महाग असतं ते आधी जातं. आमचे २०४ युनिट वाचले त्यातले ११२ हे ३०१ च्या वरचे होते. म्हणून युनिट निम्मे झाले पण बिल निम्म्याहूनही खाली आलं.

मग सोलरकडे वळलो. आता वर्षभराची सरासरी महिन्याला १५० युनिटच्या आसपास आली होती, आधी ती २७० होती. एक किलोवॉट पॅनल आपल्याकडे दिवसाला साधारण चार युनिट देतं, महिन्याला १२०. म्हणजे २ किलोवॉट भरपूर झालं, त्या पहिल्या माणसाने सांगितलेलं ३ किलोवॉट लागतच नव्हतं. आणि योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, त्याच्या वर कितीही लावा सबसिडी ७८ हजारांवर थांबते. आम्हाला कोटेशन मिळालं २ किलोवॉटचं सव्वा लाख, ३ चं एक लाख पंच्याऐंशी. सबसिडी वजा जाता पासष्ट हजार आणि एक लाख सात हजार. ४२ हजारांचा फरक. घरातल्या दुरुस्तीला जे ४६ हजार गेले ते जवळजवळ इथेच परत आले, बिलातली बचत वेगळी. जास्तीचं पॅनल लावून वीज महावितरणला विकून पैसे कमवू असं कोणी सांगत असेल तर नीट विचारा, नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे आपण महावितरणला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा होते त्या पद्धतीत, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात ओढता येतात पण मार्चअखेर जे उरतं त्याला आपण भरतो तो भाव मिळत नाही.

आमचं थांबणं अजून एका बाबतीत फायद्याचं ठरलं, सप्टेंबर २०२५ मध्ये सोलरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पैसे हाताशी नसतील तर बँका तारण न घेता कर्ज देतात, व्याज साधारण सहा सात टक्के, ते पोर्टलवरूनच अर्ज करून मिळतं.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. बिल अजून बाबांच्या नावावर. अर्ज ज्याच्या नावावर कनेक्शन त्याचा, सबसिडी त्याच्याच बँक खात्यात, आणि बाबांचं खातं तर केव्हाच बंद केलेलं. पाच वर्षं दर महिन्याला बाबांच्या नावाने बिल येत होतं आणि ते बदलावं असं आम्हा कुणालाच वाटलं नव्हतं, आईला तर ते नाव तिथे असलेलंच बरं वाटायचं, ती ते बिल देवघराच्या खालच्या कप्प्यात नीट घडी करून ठेवायची. मृत्यूचा दाखला, घराच्या मालकीचे कागद, आमच्या दोघा भावंडांची संमती, सगळं जोडून नाव बदलायला दीड महिना गेला. ज्यांना सोलर बसवायचं आहे त्यांनी आज घरी जाऊन पहिलं हे बघा, बिल कुणाच्या नावावर आहे. हयात नसलेल्या माणसाच्या नावावर असेल तर तिथून सुरुवात करा, बाकी सगळं नंतर.

बाकीची प्रोसेस सोपी आहे. राष्ट्रीय पोर्टलवर बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी, १० किलोवॉटच्या आतलं असेल तर तांत्रिक मंजुरीसाठी थांबावं लागत नाही, मग यादीतला व्हेंडर आपण निवडायचा, तो बसवतो, नेट मीटर लागतं, तपासणी होते आणि मग सबसिडी. सबसिडीसाठी पॅनल भारतात बनलेलेच लागतात, सेलसकट, त्याला डीसीआर पॅनल म्हणतात, बिलावर तसं लिहून घ्या. आमच्याकडे आलेल्या एका एजन्सीवाल्याने आईला सांगितलं की सबसिडी आमच्या खात्यात येते, तुम्ही नुसती सही करा. हे साफ खोटं आहे, सबसिडी ग्राहकाच्याच खात्यात येते. अजून एकाने पॅनल पश्चिमेच्या कडेला काढून दाखवले, तिथे शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीची सावली तीन वाजल्यापासून पडते. एका पॅनलवर सावली पडली की ओळीतल्या बाकीच्यांची वीजही खाली येऊ शकते. मी एक दिवस गच्चीवर दर तासाला खडूने सावलीची रेघ मारून ठेवली होती, ती दाखवली तेव्हा कुठे तिसऱ्या माणसाने पॅनल पूर्वेला सरकवले. पांढऱ्या चुन्यावर निळ्या खडूच्या रेघा, आई म्हणाली लंगडीचा डाव आखल्यासारखं दिसते.

डिसेंबरात चार पॅनल बसले. जानेवारीत आईच्या खात्यात ६० हजार आले. स्टँड उंच घेतला त्यामुळे खाली वारा खेळतो, पॅनलच्या सावलीतला स्लॅब तर अजूनच गार असतो आणि आई तिथे सांडगे वाळवायच्या आधी झाकून ठेवते. आठवड्यातून एकदा सकाळी उजाडायच्या आत पॅनल धुवायचे, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचं नाही. आणि हे लक्षात घ्या, साधं नेट मीटरवालं सोलर लाईट गेली की बंद होतं, भर उन्हातही. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला आपल्या पॅनलमधून करंट जाऊ नये म्हणून ते तसं केलेलं असतं, ते बरोबरच आहे. म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी नवी घेतली ते वाया गेलं नाही. बिल शून्य होईल असंही धरू नका, स्थिर आकार येतोच.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी हा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढा, लिफ्ट पंप जिन्याचे दिवे यासाठी सोसायटीला किलोवॉटमागे १८ हजार मिळतात. पुण्यात आमच्या बिल्डिंगवर सोलर हीटर आहे त्याची मिळकतकरात ५ टक्के सूट मिळते, गांडूळखत किंवा पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण यातलं आणखी एक केलं तर १० टक्के. आमच्या सोसायटीने तीन वर्षं तो अर्जच केला नव्हता.

आमच्या जिल्ह्यातच पारसला औष्णिक वीज केंद्र आहे, २५० मेगावॉटचे दोन संच. शाळेत असताना आम्हाला तिथे सहलीला नेलं होतं, कोळशाचे डोंगर बघून डोळे विस्फारले होते. एका युनिटला साधारण पाऊण किलो कोळसा जळतो. जिन्याखालच्या त्या मेलेल्या बॅटरीचे वर्षाचे ४०० युनिट म्हणजे ३०० किलो कोळसा, कुणालाही एक दिवाही न लावता. ते कळल्यापासून मी कुणाच्याही घरी गेले की त्यांच्या मीटरजवळ जाऊन उभी राहते, आणि तीन घरांमध्ये आतापर्यंत जुने इन्व्हर्टर सापडले आहेत.

आता काम आहे ते आईकडे येणाऱ्या मावशींचं. त्यांचं बिल महिन्याला ६० युनिटचं, एक खोली, दोन पंखे, एक टीव्ही. राज्य सरकारने २०२५ मध्ये स्मार्ट म्हणून योजना आणली, महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेल्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी, एक किलोवॉटला केंद्राचे ३० हजार मिळतात त्याच्यावर राज्य अजून पैसे घालतं, दारिद्र्यरेषेखाली असाल तर साडेसतरा हजार, म्हणजे घरचे अडीच हजार घातले की झालं. मावशींना सांगितलं तर पहिल्यांदा त्यांचा विश्वासच बसेना. मग परवा त्या कागद घेऊन आल्या, कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेले, रेशनकार्ड, आधार, पासबुक, आणि लाईट बिल. मी बिल उघडलं. त्यांच्या सासूबाईंच्या नावावर आहे, त्या जाऊन अकरा वर्षं झाली. सोमवारी दोघी मिळून नाव बदलायचा फॉर्म भरायला जातोय.